शेवटचं नाव

घरातल्या कुणाचं नाव पोलिसांच्या दप्तरी जाऊ नये म्हणून लोक देवाला हात जोडतात. मी उलटं मागत होते. दादाचं नाव गुन्हेगारांच्या यादीत सापडू दे, गुन्हा कुठलाही असो, असं शॉमबर्गच्या आमच्या घरून निघाल्यापासून मनातल्या मनात घोकत होते. शेजारी हे गाडी चालवत होते, त्यांना हे सांगायची सोय नव्हती.

दादा माझा थोरला भाऊ, एकुलता एक. एम.एस. करायला म्हणून अमेरिकेत आला आणि दुसऱ्या वर्षी शिक्षण सोडून दिलं. आमचे अण्णा, म्हणजे वडील, शाळेत हेडमास्तर. त्यांनी डोक्यात राख घालून घेतली आणि ‘पुन्हा तोंड दाखवू नकोस’ असं पत्र धाडलं. लहानपणापासून अण्णांचं एक अक्षर कधी ऐकलं नाही या मुलाने, आणि ऐकलं ते नेमकं हे. त्यानंतर आमची पत्रं परत यायला लागली. अण्णा गेले तेव्हाही कळवायला पत्ता नव्हता. मग माझं लग्न झालं आणि मीही याच देशात आले. आईला वाटलं, चला, आता दोघं जवळजवळ आहेत. तिच्या लेखी अमेरिका म्हणजे आमच्या तालुक्याएवढी. दर पत्राच्या शेवटी तिची एकच ओळ असायची, तो कुठे दिसला का गं?

कुठला दिसायला! पण त्या वर्षी मंडळाच्या गणपतीत ॲन आर्बरहून आलेल्या एका काकांनी मला बाजूला घेतलं. आमच्याच राज्यात खाली दक्षिणेला, नुसत्या मक्याच्या शेतांच्या एका काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, धान्याच्या कोठारावर आपल्याकडचा एक मुलगा कामाला होता म्हणाले. वर्णन ऐकून तुझा भाऊच वाटला. मग आवाज खाली आणून म्हणाले, “पण पोलिसांनी धरलं होतं म्हणे त्याला. कशाबद्दल ते विचारू नकोस.” काकांना वाटलं, मला लाज वाटेल. लाज कसली? धरलं म्हणजे तो होता. हाताला लागला होता कुणाच्या तरी. मला त्या पोलिसाचा हेवा वाटला, खरं सांगते.

दुसऱ्याच दिवशी मी त्या काउंटीच्या कोर्टात फोन लावला. पलीकडच्या बाई म्हणाल्या, खटल्यांची पुस्तकं कुणालाही बघता येतात, ऑफिसच्या वेळात या आणि बघा. ह्यांनी कपाळाला हात लावला. “अगं, आपलं ग्रीन कार्ड अजून व्हायचंय. कोर्टकचेरीच्या वाटेला कशाला जायचं?” बोलले, पण सुट्टी टाकली आणि गाडीत पेट्रोलही भरून आणलं. ह्यांचं असंच असतं, तोंडाने नाही आणि पायात बूट.

कोर्ट गावाच्या मधोमध होतं, चारी बाजूंना दुकानं, त्यातली निम्मी बंद. आत काउंटरमागे फोनवरच्याच बाई बसल्या होत्या, खांद्यावर स्वेटर टाकून, हातात कॉफी. मी कागदावर दादाचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख लिहून दिली. त्यांनी त्याकडे नीट पाहिलंही नाही. भिंतीशी उभी केलेली जाडजूड पुस्तकं दाखवली. वर्षाप्रमाणे लावलीत, आत लास्ट नेमच्या अक्षराप्रमाणे, तुमची तुम्ही बघा, म्हणाल्या. तुम्ही कोण, कुठल्या, त्याचं नाव कशाला हवंय, काही म्हणजे काही विचारलं नाही. आमच्याकडे रेशनच्या ऑफिसात सुद्धा दहा प्रश्न विचारतात. इथे माझ्या भावाचा गुन्हा बघायला मी त्याची बहीण असायची गरजच नव्हती. मला मात्र कुणीतरी विचारायला हवं होतं.

मोठ्या गुन्ह्यांचं पुस्तक आधी काढलं. आमच्या आडनावाच्या अक्षरावर बोट ठेवून खाली खाली आले, नाही. मागच्या वर्षाचं काढलं, नाही. छोट्या गुन्ह्यांची काढली. कुणी शेजाऱ्याचं डुक्कर पळवलेलं, कुणी दारू पिऊन दुकानाची काच फोडलेली, कुणी बायकोच्या भावाला बदडलेलं. गावाची सगळी लफडी उघड्यावर, नावागावासकट. त्यात एक आमचंच तेवढं नव्हतं. हे खुर्चीत बसून हळूच म्हणाले, “बरंच झालं की, काही केलं नाही त्याने.” मी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते खिडकीबाहेरची बंद दुकानं मोजायला लागले.

मला रडू यायला लागलं होतं. त्या बाईंना ते दिसलं असावं. उठून आल्या, म्हणाल्या, रहदारीचे आणि शिकार-मासेमारीचे गुन्हे वेगळ्या पुस्तकात असतात, इतकं पाहिलंत तर तेही बघून टाका. एक पुस्तक त्यांनी स्वतःच काढलं आणि माझा कागद उचलला. त्यावरच्या अगदी शेवटच्या शब्दावर नख ठेवून म्हणाल्या, “हे लास्ट नेम ना?”

मी नाव शाळेत लिहायची सवय होती तसंच लिहिलं होतं. आधी आडनाव, मग स्वतःचं, शेवटी वडिलांचं. शेवटी होतं ते अण्णांचं नाव. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तोवर त्यांनी पान काढलंही होतं.

आणि तिथे तो होता. आडनावाच्या जागी अण्णा, पुढे स्वल्पविराम, मग दादा. जन्मतारीख बरोबर. कुणीतरी कधीतरी त्याचा मॅट्रिकचा दाखला पाहून शेवटचा शब्द तो लास्ट नेम असं धरलं असणार, आणि दादाने दुरुस्त केलं नाही. का केलं नाही? ज्याने तोंड दाखवू नकोस म्हटलं त्याचंच नाव लावून हा माणूस या मक्याच्या राज्यात हिंडत होता. पगार त्या नावाने, हजेरी त्या नावाने. आणि अण्णा आता नाहीत, हे त्याला माहीतही नव्हतं.

गुन्हा काय, तर विनापरवाना मासेमारी.

मला एकदम हसूच आलं. खाडीच्या काठावर वाढलेला मुलगा तो. शाळा बुडवून गळ टाकून बसायचा, आणि आई ओरडली की चार शेंगटं पुढे करून तिचं तोंड बंद करायचा. मासे धरायला सरकारचा कागद लागतो हे त्याला दहा जणांनी सांगितलं असतं तरी पटलं नसतं. हसता हसता मला हुंदका आला तो थांबेना. मी शॉमबर्गमध्ये आल्यानंतरचा उन्हाळा होता तो. मी सुपरमार्केटमध्ये बर्फातले बेचव मासे निवडत होते तेव्हा हा चार तासांच्या अंतरावर एका ओढ्याकाठी बसला होता.

“ओळखता याला?” बाईंनी आता विचारलं.

“भाऊ आहे माझा,” मी म्हटलं. किती वर्षांनी हे वाक्य कुणाला तरी सांगितलं. त्यांनी टिश्यूचा डबा माझ्याकडे सरकवला आणि फाईल आणायला आत गेल्या.

फाईलमध्ये पत्ता होता, गावाबाहेरच्या ट्रेलर पार्कचा, चाकांवरच्या घरांच्या वस्तीचा. आम्ही तसेच तिथे गेलो. ट्रेलर एकही नव्हता, नुसते सिमेंटचे चौथरे आणि त्यांच्या फटींतून वर आलेलं गवत. रस्त्यापलीकडच्या शेतकऱ्याने सांगितलं, मालकाने जागा विकली, माणसं पांगली, कोण कुठे गेलं कुणाला ठाऊक. ह्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी सगळ्या चौथऱ्यांवरून फिरून आले. काय शोधत होते, माझं मलाच माहीत नाही.

ऑफिस बंद व्हायच्या आत परत कोर्टात आलो. मी बाईंना म्हटलं, त्याच्या फाईलमध्ये माझी एक चिठ्ठी ठेवता का? नाही म्हणाल्या, तिथे फक्त कोर्टाचे कागद राहतात. मी म्हटलं, मग तुमच्या पुस्तकात नाव यायला काय करावं लागतं? त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. “कायदा मोडा,” म्हणाल्या आणि हसल्या. ह्यांनी माझा दंड धरून मला बाहेर आणलं.

“अहो, परतताना मी चालवते,” मी म्हटलं.

काउंटीचा रस्ता सरळ होता, दोन्हीकडे मका, पुढेमागे कुणी नाही. मी पाय दाबला. काटा चढत गेला तसे हे सरसावून बसले. “अगं, पकडतील.” म्हटलं, पकडू देत. मला ते पान दिसत होतं. दादा पुन्हा कधी या भागात येईल, पुन्हा गळ टाकेल, पुन्हा त्याला धरून आणतील. त्याच्या नावाशेजारी, अण्णांच्याच नावाखाली, माझं नाव असेल. तो वाचेल आणि त्याला कळेल की मी इथे आहे, त्याला शोधत आले होते. काय वेडेपणा होता, पण इतका जीव मी आजवर कशात ओतला नव्हता. लांब मागे एक गाडी दिसली. तिच्या टपावर दिवे आहेत का, मी आरशात निरखून बघत होते. त्या घटकेला देवाकडे मी एक पोलीस मागितला.

आणि मग लायसन्स आठवलं. माझ्या लायसन्सवर शेवटी ह्यांचं आडनाव आहे, आणि आधी आहे ते नाव ह्यांनी लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने लिहिलेलं. घरी मला ज्या नावाने हाका मारत ते त्यावर कुठेच नाही. दादा त्या लग्नाला नव्हता, पत्रिका त्याला पोचलीच नव्हती. मी त्या काउंटीतले सगळे कायदे मोडले असते, आणि दादाने बरोबर तेच पुस्तक उघडलं असतं, तरी माझं नाव वाचून त्याने पुढचं पान उलटलं असतं.