ईश्वरीचं बटण आजोबांच्या टकलावर

मंडळी, हसू की रडू, तुम्हीच सांगा.

माझ्या तीन वर्षांच्या ईश्वरीला कॉक्लिअर इम्प्लांटमुळे, म्हणजे ऑपरेशन करून कानात बसवलेल्या यंत्रामुळे, आता ऐकू येतं. पण सासऱ्यांनी हाक मारली की ती त्याचं डोक्याला चिकटणारं गोल बटण काढूनच टाकते, की ऐकू येणं बंद. त्यांचा जन्म यंत्रमागाच्या खडखडाटात गेला, त्यामुळे साधं बोलणंही ओरडूनच.

"माझाच आवाज नको व्हय हिला?" म्हणून ते रुसले होते.

आज मी सासऱ्यांना म्हटलं, "मामा, हळू बोलून बघा की."

तिच्या पाठीमागे बसून ते हळूच म्हणाले, "ईशे."

ती वळली!

"वळली की!" मामा आनंदानं पुन्हा ओरडले.

तिनं बटण काढलं आणि चक्क त्यांच्या टकलावर धरलं. एवढं ओरडतात म्हणजे आजोबांनाच ऐकू येत नसणार!

मामा डोळे पुसत अगदी हळू म्हणाले, "आलं गं बाई, आलं ऐकू."