कळसूबाई उजव्या हाताला

गुडघ्यांमुळे बायकोला कळसूबाईच्या लोखंडी शिड्या चढवेनात, म्हणून विमान चालवायला शिकलेल्या लेकीने आम्हा दोघांना शिखराभोवती फिरवून आणायचं ठरवलं. तिने नकाशावर पेन्सिलीने फेरी काढली आणि मी भडकलोच.

"देवीला डाव्या हाताला ठेवून कुणी प्रदक्षिणा घालतं का?"

"बाबा, मी डावीकडे बसते. डोंगर मला दिसायला हवा."

"मग लांबून फिर. पण उलटी फेरी चालायची नाही."

तिने वाऱ्याचा अंदाज पुन्हा पाहिला, फेरी चांगली मोठी केली आणि बाण फिरवला. मी जिंकल्याच्या खुशीत चहा ओतून घेतला.

नकाशात डोकावून बायको म्हणाली, "म्हणजे देवी उजव्या खिडकीतून दिसणार. पुढची ती जागा माझी. तुम्ही मागे बसा."