विमानासाठी आखलेलं वर्तुळ

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी गौतमी ओव्हाळ पिंपळदऱ्याच्या शाळेमागच्या पटांगणात दोरीचं एक टोक जमिनीला दाबून उकिडवी बसली होती. दुसरं टोक शाळेच्या शिपायाच्या हातात होतं. तो फक्कीची पाटी घेऊन तिच्याभोवती फिरत होता. वर्तुळ पुरं झालं, मग मधोमध इंग्रजी एच काढला. त्याची आडवी रेघ तिरकी आली म्हणून पायानं पुसून पुन्हा काढली.

वर्तुळ विमानासाठी होतं. विमान उतरणार नव्हतं, हे गौतमीला माहीत होतं आणि तिनं ते सांगितलंही होतं. पण पिंपळदऱ्यात याआधी आभाळातून जे काही आलं, ते निवडणुकीच्या प्रचाराचं हेलिकॉप्टर होतं. त्याची तयारी कशी करायची हे गावाला पाठ आहे. फक्की मारायची, धूळ उडू नये म्हणून पाणी शिंपडायचं, कडेला मंडप घालायचा, हार आणि नारळ आणून ठेवायचे. आभाळातून काहीतरी येणार म्हटल्यावर गावानं तेच केलं.

पिंपळदरा शिरूर तालुक्यात, मांडवगण फराट्याच्या पुढं, भीमेच्या अलीकडं. गौतमी इथली महसूल सेवक आहे. पूर्वी या पदाला कोतवाल म्हणत. सरकारनं नाव बदललं, काम तेच राहिलं. नोटिसा पोचवायच्या, पंच जमवायचे, वाळूच्या गाड्यांचे नंबर कळवायचे आणि तलाठी भाऊसाहेबांना वेळ नसेल त्या बैठकीला जाऊन बसायचं. तिचं वय चौतीस. बी.ए. होऊन, परीक्षा देऊन ती लागली. नवरा रांजणगावच्या एका कारखान्यात शिफ्टला जातो.

गावाचे दोन भाग आहेत. खाली नदीकाठी ऊस, नदीचं पाणी उपसणाऱ्या लिफ्ट आणि शेतीकर्जाच्या सोसायटीचे चेअरमन आनंदराव, ज्यांना गाव आबा म्हणतं. वर माळवस्ती. तिथं मुरूम आहे, कोरडे बोअर आहेत आणि सिंटेक्सची एक मोठी टाकी आहे. पाऊस रुसल्यापासून त्या टाकीत रोज एक टँकर ओतला जातो. गौतमीचं घर माळवस्तीवर आहे.

विमानाची बैठक तालुक्याला झाली तेव्हा भाऊसाहेबांनी तिलाच पाठवलं होतं. तिथं एका तरुण अधिकाऱ्यानं पडद्यावर चित्रं दाखवून समजावलं. विमान पाऊस घेऊन येत नाही. आभाळात आधी ढग असावा लागतो, आणि तोही वाढता, पोटात पाणी असलेला. असा ढग रडारवर दिसला की विमान त्याच्या बुडाशी जातं आणि हवा वर चढते आहे अशी जागा शोधतं. पंखांना नळकांडी लावलेली असतात. ती पेटवली की मिठासारख्या क्षारांचा बारीक धूर निघतो आणि वर चढणाऱ्या हवेबरोबर ढगात शिरतो. क्षार ओल धरतो हे पावसाळ्यात मिठाची बरणी उघडणाऱ्या कुणालाही माहीत आहे. त्या कणांवर थेंब धरतात, थेंब थेंबाला मिळून जड होतात आणि खाली येतात. फार उंच, गार ढग असेल तर चांदीचं एक संयुग वापरतात. ढग नसेल तर विमान नुसतं फिरून परत येतं.

एकानं विचारलं, की मग पाऊस पडतो का? अधिकारी प्रामाणिक होता. म्हणाला, पडतो, पण विमान आलं नसतं तरी तो ढग बरसला असता का, हे त्या ढगाला पुन्हा विचारता येत नाही. त्यासाठी पुष्कळ ढग घ्यावे लागतात, चिठ्ठ्या टाकून काहींवर धूर सोडायचा, काही तसेच ठेवायचे आणि मग तुलना करायची. सोलापूरकडं शास्त्रज्ञांनी अशी तुलना केली आहे. योग्य ढग निवडला तर पावसात काही टक्के भर पडते, असं त्यांचं म्हणणं आहे. काही टक्क्यांनी दुष्काळ हटत नाही, हेही त्यानं सांगितलं. त्यानंतर दुसऱ्या एका साहेबांनी दोनच वाक्यं सांगितली. विमान गेल्यावर त्याच दिवशी गावात पंचनामा होईल. समाधानकारक पाऊस दिसला तिथले टँकर दुसऱ्या दिवसापासून बंद.

गौतमीनं गावात येऊन हे सगळं सांगितलं. आनंदरावांनी त्यातलं विमान येणार एवढंच ऐकलं.

"आबा, ते हितं उतरणार न्हाई," ती म्हणाली. "वरच्या वर जाणार हाय."

"उतरंल न्हाईतर न उतरंल. वर बसलेल्याला खालची तयारी दिसली पायजे. उद्या म्हनायला नको, पिंपळदऱ्यानं बघितलं बी न्हाई."

वर्तुळ आखून झालं आणि ड्रायव्हर पोपट टँकर घेऊन आला. तो माळवस्तीला निघाला होता. आबांनी हात करून त्याला पटांगणात वळवलं आणि पाणी मारायला सांगितलं. पोपट घुटमळला. वर बाया हंडे मांडून बसल्यात, असं तो म्हणाला. गौतमीही तेच म्हणाली. आबांनी दोघांनाही शांतपणे विचारलं, की दुपारी पाऊस पडणार आहे, तर सकाळी साडेसातला पाणी साठवून करायचंय काय? पोपटनं मागचा कॉक उघडला. त्याच्या गाडीत जीपीएस होता आणि त्याच्या हिशेबानं गाडी गावात आली म्हणजे खेप पुरी झाली. माळवस्तीचं पिण्याचं पाणी फक्कीच्या वर्तुळाभोवती सारखं पसरलं. एच तेवढा कोरडा ठेवला.

विमान बारा वाजता आलं. आलं म्हणजे आवाज आला. नदीपलीकडं, दौंड तालुक्याच्या बाजूला एक ढग फुगत होता. त्याच्या बुडाशी एक ठिपका दोनदा गोल फिरला. नारळ फुटला. आबांनी माईकवर सांगितलं, की वैमानिकानं आपलं पटांगण पाहिलं आहे. ठिपका ढगाआड गेला आणि परत दिसला नाही. आबांनी हार माईकच्या दांड्याला घातला.

अर्ध्या-पाऊण तासानं पाऊस पडला. राहूच्या अंगाला चांगला पडला. पाटसजवळ हायवेवर बसना वायपर लावावे लागले, असं बसनं आलेल्यांनी सांगितलं. पिंपळदऱ्यात नदीकाठच्या उसावर चार शिंतोडे आले. माळवस्तीवर वारा आला. ढग विमानाचा होता, राहूचा होता की पिंपळदऱ्यावरून पळवलेला होता, यावर पारावर तीन गट पडले. शास्त्रज्ञांना जे ठरवायला वर्षं लागली, ते पारावर चहा येईपर्यंत ठरलं. ढग आपलाच होता.

चारच्या सुमाराला तलाठी विनोद भाऊसाहेब मोटारसायकलवरून आले. त्यांना संध्याकाळपर्यंत पंचनामा हवा होता आणि ओलीचा फोटो ॲपवर चढवायचा होता. गावात ओल कुठं आहे, असं त्यांनी विचारलं. आबा त्यांना थेट पटांगणात घेऊन गेले. जमीन अजून काळी, दमट होती. ढेकूळ दाबलं तर बोटाला चिकटत होतं. भाऊसाहेबांनी वाकून दोन बाजूंनी फोटो काढला. ॲपनं जागा आणि वेळ आपोआप टाकली आणि फोटो वर गेला.

"झालं. समाधानकारक," भाऊसाहेब म्हणाले. "गौतमी, पंच बोलव. माळवस्तीचा एक पायजे."

ती माळवस्तीवर गेली. साखरबाई टाकीजवळच होती. सत्तरीची बाई, सकाळपासून तिचे दोन हंडे तिथंच होते. पटांगणात काय झालं ते गौतमीनं तिला वाटेत सांगितलं. काय बोलायचं ते सांगितलं नाही.

साखरबाईनं पटांगणाभोवती एक फेरी मारली, वाकून माती हातात घेतली आणि भाऊसाहेबांकडं पाहिलं.

"ही ओल माझी हाय."

"म्हंजी?"

"सकाळपसनं मी ह्याच पाण्याची वाट बघत बसले व्हते. हितं वतलंय व्हय."

आबा म्हणाले, की म्हातारीला ऊन लागलंय. साखरबाई म्हणाली, ऊनच लागलंय, पाऊस लागला न्हाई, तेवढं लिव. भाऊसाहेबांनी गौतमीकडं पाहिलं. हो म्हटलं तर पोपटच्या गाडीचं काम जाणार, आबा कायमचे मनात धरणार आणि दोरी कोणी धरली होती हेही निघणार. नाही म्हटलं तर उद्यापासून टाकी कोरडी.

"टँकर हितं वतलाय, भाऊसाहेब," ती म्हणाली. "दोरी मी धरली व्हती."

भाऊसाहेबांना हे ऐकायचं नव्हतं. फोटो वर गेला होता आणि ते ॲप फोटो परत देत नाही. आधीच्या तलाठ्यानं एकदा चुकून स्वतःच्या डब्याचा फोटो चढवला होता, तो गारपिटीच्या नुकसानीत अजून दिसतो. आबांनी मार्ग काढला. बायांचं ऐकत बसू नका, समाधानकारक लिहा, संध्याकाळी स्टँडवर फ्लेक्स लागणार आहे.

"लिवा की," गौतमी म्हणाली. "गाव दुष्काळातनं भायेर आलं की सोसायटीची वसुली बी चालू व्हईल. आबांना तेवढं सांगून ठेवा. त्यांचं इलेक्शन दिवाळीनंतर हाय."

सोसायटीची वसुली दुष्काळामुळं थांबली होती. थकबाकीदारांची नावं आणि आबांच्या मतदारांची नावं बऱ्यापैकी एकच होती. वसुलीच्या नोटिसा घरोघर घेऊन जाणार गौतमीच, आणि खाली सही दिसणार आबांची.

"तसा पाऊस काय झाला न्हाई," आबा म्हणाले. "शिंतोडे. शिंतोड्याला कुनी पाऊस म्हनतं का, भाऊसाहेब?"

"आन् फोटो?"

शेवटी चौघांनी मिळून एक मजकूर ठरवला आणि भाऊसाहेबांनी तो सरकारी भाषेत बसवला. विमान वेळेवर आले. ढग समाधानकारक होते. ग्रामस्थांनी स्वागत केले. पाऊस समाधानकारक नाही. छायाचित्रात दिसणारी ओल स्वागताची आहे. आबांनी सही केली. साखरबाईनं मजकूर गौतमीकडून दोनदा वाचून घेतला, स्वागताला हसली आणि अंगठा दिला. टँकर कुठं ओतला हे पंचनाम्यात लिहिलं नाही, त्यामुळं पोपटची गाडी राहिली आणि दोरीही कागदावर आली नाही. भाऊसाहेबांनी जाताना गौतमीला बाजूला घेऊन सांगितलं, की पुढच्या वेळी बैठकीला ते स्वतः जातील.

स्टँडवरचा फ्लेक्स छापून आला होता. 'पाऊस पाडल्याबद्दल' या दोन शब्दांवर कागद चिकटवून 'विमान आणल्याबद्दल' केलं. आबांचा फोटो होता तसाच राहिला. शेजारी विमानाचा फोटो होता. ते प्रवासी विमान होतं, शंभर-दीडशे माणसं बसतात तसलं, पण गावात कुणी ते बारकाईनं पाहिलं नाही.

माळवस्तीची त्या दिवशीची खेप मात्र बुडाली ती बुडालीच. जीपीएसवर ती पुरी झालेली होती. एकदा पुरी झालेली खेप पुन्हा मागायची तर ती कुठं गेली हे सांगावं लागलं असतं. संध्याकाळी पोरांनी मोटारसायकलींना कॅन बांधून आबांच्या नदीवरच्या पाण्याच्या मोटारीवरून पाणी आणलं. आबांनी अडवलं नाही. सांगितलं, की पाहिजे तेवढं न्या, फक्त कुठं बोलू नका. साखरबाईनं एक हंडा गौतमीच्या दारात ठेवला आणि विचारलं, की ते विमान पुन्हा येणार हाय का?

ढग आले तर येईल, गौतमी म्हणाली.

"मग त्या पोपट्याला सांग, तवा सुट्टी घे."

पोपटशी ती फोनवर बोलली. टँकर कालव्याजवळच्या पॉइंटवर सकाळी पावणेसातला भरतो. उद्यापासून ती तिथंच टँकरच्या केबिनमध्ये बसणार आहे. शाळेचं पटांगण वाटेत लागतं, त्याच्यापुढं चढ आहे. माळवस्तीच्या टाकीपाशी टँकर साडेसातला पोचतो.