मायच्या गाण्यातली रिकामी जागा

काल मोहाडीच्या रस्त्यावर उपटलेल्या धानाच्या पऱ्ह्यांचा, त्या कोवळ्या रोपांचा, ओला, कच्चा वास आला आणि आमचा अल्बम आठवला. आमचा कसला, कव्हरवर मोठं नाव माझंच होतं. आवाज तेवढा मायचा.

वीस वर्षं झाली. नागपूरला संगीत शिकून आलेला मी दीडशहाणा, रोवणा करताना, चिखलात धानाची रोपं लावताना माय म्हणायची ती गाणी जगापुढं आणायला निघालो होतो. तिला स्टुडिओत नेलं, काचेमागं उभं केलं आणि फोटोसाठी हातात सूप दिलं. गाणी रोवण्याची आणि हातात सूप! एवढी माझी अक्कल.

माय एक ओळ म्हणायची आणि थांबायची.

"माय, विसरली का? थांबून काहून राहिली?"

"मागून बाया म्हणतीन न, बापू."

"इथं कुठल्या बाया?" मी हसलो. रेकॉर्डिंगवालाही हसला. ती मात्र प्रत्येक ओळीनंतर थांबतच राहिली, आणि त्या प्रत्येक जागेत मी माझा कीबोर्ड कोंबला. पुढं त्या कीबोर्डचं कौतुक झालं, तेही मी निर्लज्जपणे घेतलं.

काल रस्त्यालगतच्या धानाच्या बांधीत वाकून रोवणा करणाऱ्या बायांनी शेताच्या धुऱ्यावर मोबाइल ठेवला होता. त्यात माय गात होती. ओळ संपली, माय थांबली, आणि बांधीतून दहा-बारा गळ्यांनी तिला उत्तर दिलं. माय आता नाही. पण ती बरोबर त्यांच्यापुरतीच थांबली होती.

माझा कीबोर्ड कोणाला ऐकूही आला नाही.