डिव्हायडरवरची लेक

"हात पुढं कर," मॅडम म्हणायच्या.

मी दोन्ही तळवे पुढं करायचे. त्या वरून सॅनिटायझरची बाटली दाबायच्या. दोनदा. "नीट चोळ. बोटांच्या मध्ये पण." मी चोळायचे. समोरच्या फ्लॅटमधल्या काकू दुधाची पिशवी घ्यायला दार उघडून उभ्या असायच्या. बघायच्या. मग मॅडम आपल्या लेकीचा हात माझ्या हातात द्यायच्या.

रोज. सकाळी पावणेसातला. तीन वर्षं.

याच हातांनी मळलेल्या कणकेच्या पोळ्या मॅडमच्या घरातले तिघं रोज खायचे. पोळ्यांना वास येत नव्हता. हातांना यायचा.

मॅडम लातूरच्या एका कॉलेजात शिकवायच्या. साहेब डॉक्टर. लेक अन्वी, चौथीत, नऊ वर्षांची. शाळेची बस कोपऱ्यावर यायची. दारापासून दोनशे पावलं. मी मोजलीत. तेवढी दोनशे पावलं एका खांद्यावर दप्तर घ्यायचं, दुसऱ्या हातात अन्वीचा हात धरायचा. बस आली की तिला बसवायचं. ती खिडकीत दिसली की फोटो काढायचा आणि मॅडमला पाठवायचा. मॅडमना गॅलरीतून बस दिसायची. तरी फोटो पाहिजे. मग वर जाऊन भांडी, पोळ्या, धुणं.

त्याच वेळेला माझी रेणू घरून निघायची. एकटी. सहा वर्षांची.

आमची पत्र्याची खोली रिंग रोडच्या पलीकडं, शाळा अलीकडं. तिचे बाबा सहालाच डाळ मिलला जायचे, पोती उचलायला. मी साडेसहाला घर सोडायचे. तिची वेणी घालून, डबा दप्तरात टाकून, रोज तेच सांगायचे, "गाडी दिसली की थांबायचं. पळायचं न्हाई. समजलं का?" ती मान हलवायची. मी निघायचे. मागं वळून बघायचे नाही. बघितलं असतं तर निघाले नसते.

तो रस्ता कसला आहे सांगते. दोन्ही बाजूंनी गाड्या. मधे डिव्हायडर, त्याला लोकांनी फोडून केलेली फट. कारखाने सुरू झाले की उसाचे ट्रॅक्टर. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या. वर मोठ्यानं गाणी लावलेली. ड्रायव्हरला मागचं दिसत नाही आणि कुणाची हाक ऐकू येत नाही.

मी एकदा मॅडमला विचारलं होतं. घाबरत घाबरत.

"मॅडम, माझ्या लेकीला सोबत घेऊन येऊ का? अन्वीला बसमधी बसवलं की तिला शाळेत सोडून येते. अर्धा तास लागंल."

मॅडम फोनवर काहीतरी बघत होत्या. "म्हणजे ती इथं गेटवर बसणार? नको गं. सोसायटीत लोक विचारतात."

"मग मी आठला येऊ का? तिला आधी सोडून?"

"आणि अन्वीला कोण सोडणार? हे बघ, तुमच्या मुलांना सवय असते. अन्वी फार सेन्सिटिव्ह आहे."

मी "बरं" म्हटलं. मला आज सगळ्यात जास्त किळस येते ती त्या "बरं"ची.

त्या दिवशी धुकं होतं. अन्वी बसमध्ये बसली, मी फोटो पाठवला आणि नेमाप्रमाणे फोन फ्रीजवरच्या डब्यात ठेवला. कामाच्या वेळी फोन हातात दिसला की मॅडमना चालत नसे. साडेनऊला त्या अंघोळीला गेल्या तेव्हा मी डबा उघडला. शाळेतल्या बाईंचे सात फोन येऊन गेले होते.

मी फोन लावला. बाई म्हणाल्या, "अहो, रेणू आज आली नाही. आजारी आहे का?"

तवा गॅसवर होता. गॅस बंद केला एवढं आठवतं. पिठाच्या हातानं जिना उतरले आणि पळत सुटले.

रेणू रिंग रोडला पंक्चरच्या दुकानात सापडली. एका जुन्या टायरवर बसलेली. दुकानवाल्या चाचांनी तिला त्यांची शाल गुंडाळली होती. हातात चहाचा कप तसाच, साय धरलेली.

"डिवायडर पे खडी थी, बाई," चाचा म्हणाले. "हमने दुकान खोला तबसे. हमना लगा, कोई बडा साथ में है. बाद में देखा तो कोई नै." त्यांनीच दोन्हीकडच्या गाड्या थांबवून तिला उचलून आणलं होतं. नाव विचारलं तर ती बोलेना. हसेना, रडेना.

दोन तास. माझी सहा वर्षांची लेक दोन तास त्या फटीत उभी होती. पुढून ट्रॉल्या, मागून ट्रॉल्या. किती मोटारी गेल्या असतील? कितीतरी मोटारींत मागच्या सीटवर गणवेशातली लेकरं असतील. काचा वर केलेल्या. कुणी थांबलं नाही.

मी जवळ बसले तेव्हा ती बोलली. "आई, तूच म्हनलीस ना, गाडी दिसली की थांबायचं? मी थांबले. गाड्या संपतच न्हाईत."

तिचा फ्रॉक ओला होता. तिनं उभ्या उभ्या कपड्यात केलं होतं आणि ते लपवायला दप्तर पुढं धरून बसली होती. मी तिला उचलून घेतलं. त्या वासाची मला घाण वाटली नाही. माझ्या हातांना, पिठाच्या खालून, अजून सॅनिटायझरचा वास येत होता. त्याची शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "काल पोळ्या अर्धवट टाकून गेलीस."

"लेक रस्त्यात अडकली होती, मॅडम."

"सापडली ना? मग सांगून जायचं. साहेबांना डबा नव्हता."

कुठं अडकली, कशी आहे, काही नाही. तीन वर्षांत माझी लेक कुठल्या शाळेत आहे हेही त्यांनी विचारलं नव्हतं. म्हणून पुढचं घडलं.

आठ दिवसांनी रेणूच्या शाळेत पालकांची सभा होती. विषय, मुलांची सुरक्षा. आम्ही सतरंजीवर. समोर टेबल, त्यावर कापड, शाल, नारळ. आणि खुर्चीत पाहुण्या म्हणून मॅडम. त्या अशी भाषणं देतात हे मला माहीत होतं. इथं येतील हे माहीत नव्हतं.

मुख्याध्यापकांनी आधी मला उभं केलं. "रेणूच्या आई, उभ्या राहा जरा. सगळ्यांनी बघा. यांची मुलगी दोन तास रस्त्यावर एकटी होती. पालक म्हणून काही वाटतं की नाही तुम्हाला?"

रेणू माझ्या साडीला धरून खाली बसली होती. तिनं तोंड माझ्या पायात लपवलं.

मॅडमनी मला बघितलं. ओळखलं. पाण्याची बाटली उघडली, एक घोट घेतला आणि माईक हातात घेतला.

"पहिली जबाबदारी आईची असते," त्या म्हणाल्या. "सहा वर्षांचं मूल एकटं रस्त्यावर सोडणं हा गुन्हा आहे. काही पालकांना मूल जन्माला घालणं कळतं, सांभाळणं कळत नाही."

टाळ्या वाजल्या. माझ्या शेजारच्या बायांनीही वाजवल्या. त्यांचीही लेकरं तोच रस्ता एकटी ओलांडतात.

मला कुणी बस म्हटलं नव्हतं. मी उभीच होते.

"मॅडम," मी म्हटलं, "सकाळी पावणेसातला मी कुठं असते?"

टाळ्या थांबल्या.

"सांगा की. तुमाला म्हाईत हाय."

मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, खाली बसा."

"मघाशी तुमीच उभं केलंत. आता न्हाई बसत." माझा आवाज कापत होता. कापू दे म्हटलं. "मी ह्यांच्या लेकीचा हात धरून उभी असते. नऊ वर्षांची हाय. घरापासून दोनशे पावलं. ह्यांचं लेकरू एकटं जाऊ नये म्हणून माझं एकटं जातंय. गुन्हा म्हनलात न्हवं? मग दोघींचा लिहा."

मॅडम मुख्याध्यापकांकडं बघून म्हणाल्या, "घरचं बोलायची ही जागा आहे का?" माझ्याकडं बघितलं नाही.

मी रेणूला कडेवर घेतलं आणि बाहेर पडले.

सोमवारी मॅडमकडं गेले. मॅडमनी बाटली उचलली. मी हात पुढं केला नाही. अन्वी दप्तर घेऊन उभी होती. तिचा काही दोष नव्हता, तिच्या गालाला मी हात लावला. मॅडमना म्हटलं, "आजपासून तुमच्या लेकीला तुमी सोडा. मी माझीला सोडून आठला येईन. कामाला."

"मग मला दुसरी बाई बघावी लागेल."

"बघा. फक्त तिला लेकरू हाय का, तेवढं विचारा."

ते काम गेलं. मग धरलेल्या दुसऱ्या घरानंही उशीर चालणार नाही म्हणून काढलं. रेणूचे बाबा म्हणाले, "डोकं फिरलं का तुझं?" मी त्यांना रिंग रोडला नेलं आणि त्या फटीत उभं केलं. पाच मिनिटं. आता बुधवारी लेकरांना शाळेत सोडून तेही मिलला उशिरा जातात. मुकादम शिव्या देतो. देऊ दे.

आमच्या गल्लीतली बारा लेकरं शाळेत जातात. त्या दिवशी टाळ्या वाजवणाऱ्या दोघी आधी आल्या, मग तिसरी. पाळी लावली. ज्याची पाळी, तो बारा जणांना घेऊन जातो. काही बाया अजून येत नाहीत, काम जाईल म्हणतात. त्यांची लेकरंही आम्ही नेतो. महापालिकेत स्पीडब्रेकरचा अर्ज दिला. तिथला कारकून म्हणाला, साहेब जागेवर नाहीत. दुसऱ्यांदा गेलो, तिसऱ्यांदा गेलो. जात राहणार.

लहान लेकरानं एकटं शाळेत जाऊ नये. बरोबर आहे. हे मला माईकवरून कुणी सांगायची गरज नव्हती. पण हे सांगणाऱ्यानं आधी स्वतःच्या दारात बघावं, तिथं सकाळी कुणाची आई उभी आहे.

परवा एका नव्या घरी बोलावलं होतं. बाईंनी विचारलं, "सहाला येशील का? मुलांचा डबा असतो."

मी म्हटलं, "न्हाई. माझी लेक वर्गात बसल्याबिगर मी कुणाचं दार वाजवत न्हाई. पटत असंल तर ठेवा."