मोडेमचं बिनआजाराचं ऑपरेशन

त्या आठवड्यात आमच्या घरात दोन ऑपरेशनं झाली. पहिलं माझ्या सासऱ्यांच्या मोतीबिंदूचं, ते गरजेचं होतं. दुसरं मी एका धडधाकट यंत्राचं केलं, तेही तीनदा.

सासऱ्यांना मी मामा म्हणतो आणि सासूबाईंना मामी. दोघं धसईला राहतात. नदीकाठी त्यांची भेंडी आहे आणि भेंडीला पाणी पाजणारा पंप घरापासून पंधरा मिनिटांच्या चालीवर. डॉक्टरांनी मामांना बजावून घरी पाठवलं होतं : ऊन नाही, धूळ नाही, शेत तर मुळीच नाही. पण भेंडीला पाणी लागल्याशिवाय मामा स्वतः चहा घेत नाहीत. अशा माणसाला खाटेवर डांबायचं कसं?

इथे माझा प्रवेश! मी शहापूरला राहतो, आसनगावच्या एका कारखान्यात मशिनं दुरुस्त करतो आणि (बायकोच्या मते) घरातली बिघडवतो. मी तळहाताएवढा एक बोर्ड मागवला होता. त्यात सिमकार्ड घालायचं, पंपाच्या स्टार्टरला जोडायचं, मोबाईलवर बटण दाबायचं, की पंप सुरू. मामा खाटेवर, पाणी भेंडीत! ऑपरेशनच्या आधीच मी तो बोर्ड आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात बसवून जोडून दिला आणि तो रोज बिनतक्रार चालला.

तिथेच मी गप्प बसलो असतो तर तुम्हाला वाचायला काही उरलं नसतं. पण रविवारी आम्ही दोघं धसईलाच होतो आणि दुपारी साडू तिथे जेवायला येणार होते. (पुण्याचे. स्वतःच्या गाडीतून.) माझा शोध त्यांनी आइस्क्रीमच्या डब्यात बघायचा? छे! सकाळीच मी यंत्र पंपावरून घरी आणलं, माळ्यावरून रुखवतातला चकचकीत स्टीलचा डबा काढला, खिळ्याने भोक पाडून वायरी बाहेर घेतल्या आणि झाकण गच्च बसवलं.

"माझा डबा!" बायको ओरडली. तिचं नावच त्यावर कोरलेलं आहे, स्वाती.

"तुझं नाव विज्ञानाला लागलं," मी म्हणालो आणि मोबाईलवर बटण दाबलं. यंत्रातून 'टक्' असा आवाज यायला हवा होता. आला नाही. पुन्हा दाबलं. डबा ढिम्म!

मी ताबडतोब निदान केलं : टॉवर मिळत नाही. पुरावाही होता माझ्याकडे. दर रविवारी मी मामींना फोन करतो, माझे नवे शोध समजावून सांगायला. आणि दर रविवारी ती फोनमधली बाई सांगते की व्यक्ती कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर आहे. म्हणजे धसईची रेंजच कच्ची! कच्च्या रेंजमध्ये तग धरायला मोडेमचं फर्मवेअर नवं हवं. (मोडेम म्हणजे यंत्राचा टॉवरशी बोलणारा भाग. कसं बोलायचं हे शिकवणारा जो प्रोग्राम त्याच्या पोटात असतो, ते फर्मवेअर. थोडक्यात, संस्कार.) जुने संस्कार पुसून नवे घालायचे, एवढंच काम.

"जावईबापू," मामी म्हणाल्या, "आजच्या दिस जाऊन हातानं बटण दाबून या ना. बारा वाजता शेताची लाईट जाईल."

"मामी, प्रश्न बटणाचा नाही, तत्त्वाचा आहे!"

"भेंडीला तत्त्व नाय लागत, पाणी लागतं," खाटेवरून काळ्या चष्म्याआडून मामा म्हणाले.

मी लॅपटॉप उघडला, मामांच्या टॉर्चची केबल घेऊन बोर्ड जोडला. लॅपटॉपला बोर्ड दिसेचना. अर्धा तास डोकं खाजवल्यावर उजेड पडला : ती केबल फक्त चार्जिंगची! तिच्यातून वीज जाते, माहिती जात नाही.

"तुमच्यासारखीच," स्वाती म्हणाली. "जेवण आत जातं, सांगितलेलं जात नाही."

बाजारात जाऊन दुसरी केबल आणली. आता बोर्डावरचं तिळाएवढं बटण दाबून धरायचं आणि त्याच वेळी बोर्ड चालू करायचा. माझं बोट त्या बटणापुढे म्हणजे मुसळ! शेवटी बाभळीच्या काट्याच्या बुडाने दाबलं. काट्याचं टोक माझ्या अंगठ्यात गेलं, पण बोर्ड लॅपटॉपला दिसला. अपडेट सुरू केलं. फेल! पुन्हा. फेल! मग लक्षात आलं, बोर्डावर चिप दोन आहेत आणि कोणाशी बोलायचं ते ठरवणारा एक बारका खटका आहे. तो भलतीकडे होता. सोयरीक एका घराशी, वरात दुसऱ्याच दारात!

खटका सरकवला. पट्टी हिरवी होत निम्म्यावर आली आणि घरातली लाईट गेली. लॅपटॉपची बॅटरी दोन वर्षांपूर्वीच वारलेली. स्क्रीन काळी! मोडेमचे जुने संस्कार पुसलेले, नवे अर्धेच घातलेले.

"किती वाजले गो?" मामांनी विचारलं.

"साडेदहा."

"चहा नाय झाला अजून," मामा म्हणाले. हे वाक्य चहाबद्दल नव्हतं.

लाईट आली. पुन्हा काटा, पुन्हा खटका. या वेळी अपडेट पूर्ण! बोर्डावर हिरवा दिवा लागला, टॉवर सापडला! मी विजयी मुद्रेने यंत्र डब्यात घातलं, झाकण गच्च लावलं, मोबाईलवर बटण दाबलं.

शांतता.

"संस्कार मुरले नाहीत," मी म्हणालो. सगळं बाहेर काढून पुन्हा अपडेट. हिरवा दिवा. डबा, झाकण, शांतता. तिसऱ्यांदा अपडेट. हिरवा दिवा. डबा, झाकण... (तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नव्हतं.)

साडेअकराला खाट करकरली. मामांनी काठी घेतली, डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि ओटीच्या पायऱ्या उतरायला लागले.

"आबा, डोळा!" स्वाती वडिलांमागे धावली.

"एक डोळा झाकलाय. पाय नाय झाकले."

भेंडी जाईल ती जाईल, पण मामांच्या डोळ्यात धूळ गेली तर साडूंना काय, साऱ्या धसईला तोंड दाखवता येणार नव्हतं.

तेवढ्यात मामी पिठाच्या हातांनीच चुलीपुढून उठून आल्या. डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"झाकण काढा."

"मामी, धूळ जाईल आत, नाजूक असतं ते..."

"काढा म्हनतंय ना!"

मी झाकण काढलं. मामांनी पायरीवर उभ्या उभ्या मोबाईलवर अंगठा टेकवला.

टक्!

मी उघडा डबा छातीशी धरून नदीपर्यंत जो धावलो तसा शाळेतही कधी धावलो नव्हतो. बाराला दहा कमी असताना वायरी जोडल्या आणि ओरडून फोन केला, "मामा, दाबा!" पंप घुमला, पाइपाने दोन उचक्या दिल्या आणि पाणी सरीत उतरलं. फोनमध्ये मामांचा आवाज आला, "गो, चहा टाक."

दुपारी यंत्र पुन्हा आइस्क्रीमच्या डब्यात गेलं. साडूंनी ते बघितलं आणि खूप कौतुक केलं, मामींचं. जेवताना मला राहवेना.

"मामी, स्टीलच्या बंद डब्यात रेंज जात नाही, हे मशिनं दुरुस्त करणाऱ्या मला सुचलं नाही. तुम्हाला कसं कळलं?"

मामींनी माझ्या ताटात भाकरी वाढली.

"त्यात काय कळायचं? रविवारी तुमचा फोन यायचा टाइम झाला का मी मोबाईल तांदळाच्या डब्यात टाकून झाकण लावतंय. एकदा पण लागला नाय."