ताप की टॅप

समोरासमोर बोलायची हिंमत नाही आणि गप्प बसायचा स्वभाव नाही, अशा माणसानं करायचं काय? मी लिहून ठेवते. शाळेत बाकावर लिहायचे, नोकरीला लागल्यावर कॉम्प्युटरवर लिहिलं. बाकावरचं निदान थुंकी लावून पुसता यायचं.

आमची सॉफ्टवेअर कंपनी शहराच्या टोकाला, सातारा परिसरातल्या एका नव्या इमारतीत, तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये होती. कंपनी म्हणजे मालक, मी आणि घाटाकडच्या एका खेड्यातून आलेला माझा सहकारी. शहर त्या बाजूला सुसाट वाढत होतं आणि पाइपलाइन मागं कुठंतरी राहून गेली होती. त्यामुळं इमारतीचं पाणी टँकरनं यायचं. आम्ही बनवत होतो ते सॉफ्टवेअरही टँकरचंच. लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता. कोणता टँकर कोणत्या गावाला कधी गेला याची नोंद एका तालुक्याच्या कचेरीला ठेवायची होती.

मालकांना आम्ही तोंडावर ‘सर’ म्हणायचो आणि पाठीमागं ‘साहेब’. माणूस वाईट नव्हता, पण लहरी. सकाळी त्यांना खेपांची यादी गावाप्रमाणं हवी असायची, दुपारी टँकरप्रमाणं, आणि चहा झाला की, “सकाळचंच बरं होतं नाही?”

आमच्या कामात बदल करायचा तर मूळ प्रतीला हात लावायचा नसतो. तिची एक ब्रँच, म्हणजे फांदी काढायची, तिथं काय ते उद्योग करायचे आणि जमलं तर मुळात मिसळायचं. कचेरीनं काम पसंत केलं की त्या जागी एक टॅग लावायचा, डब्यावर चिठ्ठी लावतात तसा. टॅगला आम्ही त्या दिवशी आनंदानं खाल्लेल्या पदार्थाचं नाव द्यायचो. ब्रँचला नाव मात्र ज्यानं काढली त्यानं द्यायचं. सगळी नावं मराठी, फक्त अक्षरं इंग्रजी.

साहेबांचं मत पहिल्यांदा बदललं तेव्हा मी नवी ब्रँच काढली आणि नाव दिलं saheb-tap-1. म्हणजे साहेबांचा ताप, पहिला. फार बरं वाटलं. सहा महिन्यांत ताप नऊवर गेला.

हे सहा महिने माझ्या परीक्षेचे होते. ते संपताना कायम केल्याचं पत्र मिळालं तर नोकरी चालू, नाहीतर पुण्याचं स्थळ बघायचं, असं घरात ठरलं होतं. बाबा उभा जन्म सरकारी कारकून. लेकीच्या शब्दापेक्षा सहीशिक्क्याच्या कागदावर त्यांचा विश्वास जास्त. आणि मला ती नोकरी हवी होती, अगदी जिवापाड. त्या स्थळाचं मी तोंडही पाहिलं नव्हतं, तरी ते मला आवडत नव्हतं.

नेमके शेवटच्या आठवड्यात कचेरीतले एक अधिकारी काम बघायला यायचे ठरले. त्या सकाळी मी लवकर येऊन नऊही ताप पुसून टाकले. यादी काढून पाहिली, माझ्या मशीनवर एकही उरला नव्हता. हात झटकले आणि चहा टाकला. सर्व्हरवरच्या प्रती जागच्या जागी आहेत हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

अधिकाऱ्यांनी सगळं पाहिलं, मान डोलावली. मग म्हणाले, “सहा महिन्यांत काय काय केलं, त्याची यादी असेल ना?”

यादी म्हटल्यावर सरांना स्फुरण चढलं. त्यांनी सर्व्हरवरचे सगळे टॅग भिंतीवरच्या पडद्यावर काढले. भजी, जिलेबी, खिचडी, परत भजी.

“ही मंजुरीची यादी आहे का नाष्ट्याची?” अधिकारी पोट धरून हसले. मीही हसले.

मग सरांनी सगळ्या ब्रँच काढल्या.

नऊच्या नऊ ताप ओळीनं पडद्यावर उभे राहिले. सरांनी चष्मा वर-खाली केला. अधिकारी मात्र पुढं झुकून मोठ्यानं वाचायला लागले, “साहेब... टॅप. साहेब टॅप एक, साहेब टॅप दोन...” त्यांचा आवाज उतरत गेला. “टॅप म्हणजे नळच ना? साहेबांच्या नळाची नोंद ठेवायला तुम्हाला कोणी सांगितलं?”

आता मी सांगावं तरी काय? खरं सांगितलं तर पत्र गेलं. मी खाली फरशीकडं बघत राहिले.

माझं गप्प बसणं त्यांनी भलतंच घेतलं. कपाळ पुसत म्हणाले, “हे बघा मॅडम, नऊ खेपा अजिबात झालेल्या नाहीत. माझ्या बंगल्यावर टँकर फार तर चारदा आला असेल. त्यातही दोनदा पाहुणे होते.”

मला आधी हसू फुटायला लागलं आणि मग संताप आला. माझ्या सहकाऱ्याच्या गावाला त्या महिन्यात दोन खेपा चुकल्या होत्या, आणि त्याची आई उन्हात तीन मैलांवरून पाणी आणत होती. तो शांतपणे वही उघडून म्हणाला, “कोणकोणत्या तारखेला, साहेब? आमच्याकडची नोंद लई अर्धवट हाय.”

अधिकाऱ्यांनी तारखा दिल्या नाहीत. सगळं काम आहे तसं पसंत केलं, एकही दुरुस्ती सांगितली नाही आणि चहा न घेता निघाले. चारच दिवसांनी माझ्या सहकाऱ्याच्या गावात टँकर आला, तोही सांगितलेल्या वेळेच्या आधी. त्या मंजुरीचा टॅग आम्ही त्या दिवशी जिलेबी खाऊन लावला.

पण ते नंतर. अधिकारी जिना उतरले तसं सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावून विचारलं, “ताप की टॅप?”

मी टॅप म्हणाले असते तर सुटले असते. पण आत्ताच एका माणसाला खोटं बोलताना पाहिलं होतं, आणि ते फार ओंगळ दिसलं होतं.

“ताप, सर.”

“त्यांचा की माझा?”

“तुमचा.”

त्यांनी कागद ओढला, काहीतरी खरडलं, सही केली, शिक्का मारला आणि म्हणाले, “घरी जाऊन वाच.”

घरी बाबांनीच तो माझ्या हातातून घेतला आणि खुर्चीत बसून मोठ्यानं वाचला. मला कायम केलं होतं. खाली शेऱ्याच्या जागी सरांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘कामात चोख. नावं ठेवण्यात तरबेज.’

बाबांनी ते परत वाचलं. “हे कौतुक आहे का तक्रार?”

“कौतुक,” मी म्हटलं.

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “पुण्याला नाही कळवून टाका. तिथंही हिनं नावंच ठेवली असती.”